थेंबातले प्रयोग: रासायनिक बदल झाला हे नक्की कशावरून ठरवायचं?

कागलकर_मास्तर

नमस्कार मंडळी. मी कागल तालुक्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळा नावापुरती आहे, परीक्षानळ्या फुटून फुटून संपत आल्यात आणि वर्ग भरगच्च, म्हणून आता बहुतेक प्रयोग आम्ही थेंबावर करतो. लॅमिनेशन केलेला कागद घ्यायचा, त्याखाली अर्धा पांढरा अर्धा काळा कागद सरकवायचा, आणि ड्रॉपरने थेंब टाकायचे. गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात ना प्लास्टिकच्या खळग्यांची, ती पण धुवून वापरतो. वीस थेंबांचं साधारण १ मिली होतं, म्हणजे एवढ्याशा बाटलीत सगळ्या वर्गाचं भागतं, आणि प्रत्येक पोराच्या हातात स्वतःचा प्रयोग येतो, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता अडचण सांगतो. पोरांना पाठ आहे की रंग बदलला, वायू आला, अवक्षेप (न विरघळणारा गाळ) आला, तापमान बदललं की रासायनिक बदल. त्यामुळे ती बघायच्या आधीच लिहून मोकळी होतात. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचा थेंब आणि धुण्याच्या सोड्याचा थेंब टूथपिकने एकमेकांत ओढा आणि भिंग लावून बघा, दोन्ही जिथं भेटतात तिथं आधी एक पातळ निळसर पडदा धरतो, टूथपिकने तो फाडला की फाटलेल्या जागी लगेच नवा पडदा, आणि त्याच्यात बारीक बुडबुडे अडकून बसलेले असतात. इतकं सगळं समोर घडतंय आणि वहीत काय, तर "निळा अवक्षेप आला." बुडबुडे लिहिणारी पोरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी.

दुसरं म्हणजे थेंबात उष्णता कळतच नाही. आणि तिसरं, एका मुलीने विचारलं की सर नुसत्या पाण्याच्या थेंबात पण बुडबुडे आलेत, मग तिथं पण बदल झाला का? प्रश्न एकदम रास्त आहे. तुम्ही लोक काय करता, कुणी असे प्रयोग घेतलेत का, जरा सांगा.

राजारामपुरी_आई

सर, मी शिक्षिका नाही पण लेक नववीत आहे आणि आमच्याकडे स्वयंपाकघरात हेच चालू असतं 😊 तिने हळदीचं पाणी टिश्यू पेपरला लावून वाळवलं, त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की लालभडक, आणि त्याच जागी लिंबू पिळलं की परत पिवळं. आता तिचं म्हणणं असं की आई हे परत पहिल्यासारखं झालं म्हणजे हा भौतिक बदल, कारण पुस्तकात भौतिक बदल उलटवता येतो असं आहे. मला काही उत्तर देता आलं नाही, कुणी सांगेल का?

मेण_आणि_मेणबत्ती

ताई तुमच्या लेकीचं बरोबर आहे. बोर्डाच्या पेपरात उलटवता येतो तो भौतिक आणि कायमचा तो रासायनिक असं लिहिलं की मार्क मिळतात. उगाच पोरांच्या डोक्यात गोंधळ घालू नये असं माझं मत.

विद्यापीठ_रोड

मी एमएस्सी केमिस्ट्री केलंय आणि आता क्लासेस घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं होईल, सांभाळून घ्या.

मेण दादा, तो नियम खालच्या वर्गात सुरुवातीला चालतो, पण त्याच्यावर अडून राहिलं की पुढे मुलं अडखळतात. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत गेलं की त्याच्या रेणूतला हायड्रोजन निघतो आणि तो रेणूच बदलतो, म्हणून लाल दिसतं. आम्ल आलं की हायड्रोजन परत मिळतो आणि पिवळं. दोन्ही वेळेला बदल रासायनिकच आहे, फक्त तो दोन्ही दिशेने सहज होतो. आम्ल की अल्कली ते रंगाने सांगणारे सगळे दर्शक असेच चालतात, जास्वंद घ्या नाहीतर गोकर्ण.

उलट बाजूने पण बघा. लाकूड फोडलं, काच फुटली, ते कुठं परत जोडता येतं? तरी तो भौतिकच. म्हणजे परत फिरतं का हा प्रश्न कामाचा नाही, नवीन पदार्थ तयार झाला का हा खरा प्रश्न.

आता मास्तरांचं तापमान. थेंब एवढासा असतो आणि पसरलेला असतो, त्यामुळे तयार झालेली उष्णता खालच्या प्लास्टिकला आणि हवेला लगेच जाते, बोटाला काही लागत नाही. थेंबावर रंग, अवक्षेप, बुडबुडे हे मस्त दिसतं, तापमान आणि वास मागे पडतात. वास मागे पडतो हे एका अर्थी चांगलंच, हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) थेंबात आम्ल टाकल्यावर सल्फर डायऑक्साइड येतो तो थेंबापुरताच येतो, वर्ग खोकत नाही. पण तापमान बघायचं असेल तर थेंब सोडा आणि चहाच्या छोट्या कागदी कपात १० मिली घेऊन थर्मामीटर लावा (तापाचा नको, लॅबचा). लिंबूसत्व आणि खायचा सोडा पाण्यात एकत्र केला की फसफसतं आणि कप चांगलाच गार पडतो. पोरांना वाटतं रासायनिक म्हणजे गरमच होणार, त्यामुळे हा कप हातात दिला की चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि त्याच तासाला दुसऱ्या कपात नुसत्या पाण्यात युरिया विरघळवा. तो पण गार! तिथं नवीन काही तयार झालेलं नाही, पाणी उन्हात आटू दिलं की युरिया परत मिळतो. दोन कप शेजारी ठेवले की गार पडणं एकट्याने काही सिद्ध करत नाही हे न सांगता कळतं.

काहीलवाला

लई भारी धागा हाय मास्तर. आमचं गुऱ्हाळ आहे, तीन पिढ्या. तुमी म्हणता ते खुणा बघणं म्हणजे गुळव्याचं रोजचंच काम ओ, त्याच्या हातात ना थर्मामीटर असतो ना काही, नुसत्या डोळ्याने आणि नाकाने चालतं सगळं.

रस काहिलीत तापायला लागला की भेंडीचा रस टाकतो, चुन्याची निवळी (चुन्याचं नितळ पाणी) टाकतो, मग मळी वर येते ती काढत राहायची. निवळी किती टाकायची हे रस बघून ठरतं. कमी पडली तर गूळ नीट धरत नाही आणि जास्त झाली की गूळ काळा पडतो, मग बाजारात भाव पडलाच म्हणून समजा. नंतर फेसाचे बुडबुडे बदलतात, आधी बारीक आणि उड्या मारणारे असतात, पुढं मोठे आणि जड होतात, फुटताना आवाज पण वेगळा येतो. शेवटी पाण्यात थेंब टाकून बघायचा, गोळी धरली आणि भांड्यावर टणकन वाजली की काहील उतरवायची.

आता माझा प्रश्न, ह्यात रासायनिक किती आणि भौतिक किती?

विद्यापीठ_रोड

काका, दोन्ही एकमेकांत मिसळलंय, म्हणून तर हे उदाहरण सोन्यासारखं आहे. पाणी उडून जाणं, रस घट्ट होणं, बुडबुडे जड होणं, गोळी धरणं हे भौतिक. पाणी कमी होत जातं तसा उकळबिंदू चढतो, काकवी १०५ अंशाच्या आसपास उतरवतात आणि गूळ ११८ च्या जवळपास, म्हणजे तुमचा गुळव्या बुडबुडे बघून खरंतर तापमानच वाचत असतो.

निवळी टाकल्यावर मात्र रसातली आम्लं आणि चुना यांची अभिक्रिया होते, हे रासायनिक. आम्लपणा जास्त राहिला तर साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत जातं आणि गूळ मऊ राहतो. चुना फार झाला की हीच ग्लुकोज-फ्रुक्टोजची साखर अल्कलीत मोडते आणि गडद रंगाचे पदार्थ तयार होतात, तो तुमचा काळा गूळ. शिवाय उष्णतेने रंग आणि खमंग वास येतो तो पण रासायनिक. मळी वर येणं हे अर्धंअर्धं, उष्णतेने आणि चुन्याने रसातली प्रथिनं गोठतात आणि भेंडीचा चिकट रस त्यांना गोळा करून वर आणतो.

गुजरीकर

आमच्या धंद्यातलं पण एक टाकतो. हुपरीचे पैंजण लोक घेऊन जातात आणि काही महिन्यांनी परत येतात की चांदी खोटी निघाली, काळी पडली. चांदी खोटी नसते, हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. घरच्या घरी करून बघायचं तर स्टीलच्या भांड्यात तळाला अॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर पैंजण टेकेल असा ठेवा, वरून धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी ओता. काळेपणा डोळ्यादेखत उतरतो आणि जवळ गेलं की सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो. चांदी चांदीच राहते, गंधक तिथून सुटतं. खडे किंवा मीनाकाम असलेल्या दागिन्यावर करू नका मात्र. आणि पॉलिश म्हणून मुद्दाम काळं केलेलं ऑक्सिडाइज्ड डिझाइन असेल तर ते पण निघून जातं, मग आमच्याकडे परत यावं लागतं.

कागलकर_मास्तर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. युरियाचा कप आणि लिंबूसत्वाचा कप शेजारी ठेवला. विद्यापीठ मॅडम म्हणाल्या तसंच झालं, पोरांनी स्वतःहून वाद घातला.

पण त्यावरून एक पक्कं झालंय ते सांगतो. आता आमच्याकडे प्रत्येक प्रयोगाला तीन थेंब असतात. पहिल्यात मोरचूद आणि पाणी, दुसऱ्यात सोडा आणि पाणी, तिसऱ्यात मोरचूद आणि सोडा. तिसऱ्यात जे दिसतं ते पहिल्या दोघांत दिसत नसेल तरच त्याच्याबद्दल बोलायचं. ह्याचा फायदा सगळ्यात जास्त पोटॅशियम परमँगनेटला झाला, कारण लिंबाचा रस टाकला की गुलाबी रंग फिका होतो आणि नुसतं पाणी टाकलं तरी फिकाच होतो, मग फरक काय? तर पाण्याचा थेंब कितीही वेळ ठेवला तरी फिका गुलाबीच राहतो आणि लिंबाचा हळूहळू तपकिरीवर जाऊन रंगच संपतो. शेजारी साधा थेंब नसता तर ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसती. माझं आता ठाम मत झालंय की खुणांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हा शेजारचा साधा थेंब शिकवायला हवा, यादी आपोआप कळते.

आणि त्या मुलीचे बुडबुडे पण सुटले. नळाचं गार पाणी वर्गात गरम झालं की विरघळलेली हवा बाहेर येते. तिने उकळून गार केलेल्या पाण्याचा थेंब शेजारी ठेवला, त्यात आले नाहीत. हे तिने तिचं तिने शोधलं.

आता नवीन कोडं. चुन्याच्या निवळीचा नुसता थेंब, त्यात काही म्हणजे काही टाकलं नाही, साधा थेंब म्हणूनच ठेवलेला, आणि त्याच्यावर दहाएक मिनिटात पांढरी साय धरली. मिठाच्या पाण्याचा थेंब पण कडेने पांढरा झाला. पोरं म्हणतात दोन्ही सारखंच, वाळलं म्हणून.

शिरोळचा_सचू

सर तुम्ही पाणी कुठलं वापरता? आमच्या शिरोळकडं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं आहे की धुण्याचा सोडा टाकला की नुसतं पाणीच गढूळ होतं, मोरचूद लांबच राहिलं. मी शाळेत असताना आमचे सर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमधून आणायचे, ते स्वस्त पडतं.

विद्यापीठ_रोड

सचूचा मुद्दा एकदम बरोबर, डिस्टिल्डच वापरा, नाहीतर साधा थेंबच खोटं बोलायला लागतो.

आणि मास्तर, निवळीच्या थेंबात तुम्ही काही टाकलं नाही, पण हवेने टाकलं! हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबाच्या पृष्ठभागावर विरघळतो आणि तिथंच कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणून साय वरच्या बाजूला धरते. मिठाचं पाणी आटताना कडेला जास्त लवकर आटतं म्हणून स्फटिक कडेने दिसतात. जागा बघा, आकार बघा. भिंगातून मीठ चौकोनी दिसेल आणि ती साय पातळ, सुरकुतलेली.

तपासायचं सोपं आहे. दोन्ही पांढऱ्यांवर एकेक थेंब डिस्टिल्ड वॉटर टाका, मीठ विरघळून जाईल, साय नाही जाणार. मग सायीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाका, बारीक बुडबुडे येऊन ती विरघळेल. हा कार्बन डायऑक्साइड बरं का, जो हवेतून घेतला तोच परत.

तासगावची_सून_कोल्हापूरची_लेक

मोरचुदाचं चाललंय म्हणून लिहिते. माझ्या सासरी द्राक्षबाग आहे, तिथं बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण घरीच करतात. १ टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, दोन्ही वेगवेगळं कालवून मग एकत्र, आणि पात्र प्लास्टिकचं, लोखंडी पत्र्याचं चालत नाही. फवारायच्या आधी सासरे त्यात विळ्याचं चकचकीत पातं बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालायचा, कारण मोकळं मोरचूद राहिलंय, त्याने पानं करपतात. पातं स्वच्छ निघालं की फवारणी सुरू. लग्नानंतर पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला दहावीतली विस्थापन अभिक्रिया आठवली, लोखंड तांब्याला बाजूला सारतं ती. हा प्रयोग मुलांना दाखवा सर, तोही थेंबात होईल.

कागलकर_मास्तर

ताई, हे फार म्हणजे फारच आवडलं. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवायच्या ह्याच प्रयोगाला आमच्याकडे नेहमी घोळ होतो, काही पोरांचा खिळा छान तांबूस होतो आणि काहींचा काळा पडतो.

उद्यमनगर_फिटर

काळा पडतोय म्हणजे ते खिळे गॅल्व्हनाइज्ड असणार, वर जस्ताचा मुलामा. त्याच्यावर तांबं असं काळपट भुसभुशीत बसतं. साधे लोखंडी खिळे घ्या आणि पॉलिश पेपरने घासून घ्या. त्यापेक्षा उद्यमनगरात कुठल्याही लेथवर जाऊन एमएसचा (साध्या लोखंडाचा, माइल्ड स्टीलचा) कीस मागा, ढिगाने पडलेला असतो, कुणी नाही म्हणणार नाही. तेल असतं त्याला, साबणाच्या पाण्यात दोनदा धुवायचा. भांडी घासायची स्टीलची घासणी मात्र चालत नाही, ती स्टेनलेस असते, काहीच होणार नाही. कीस बारीक असल्याने १० मिली मोरचुदाच्या पाण्यात टाकून ढवळला की पारा चढलेला दिसतो, निळा रंग पण उतरत जातो आणि फिकट हिरवट होतो. तुमची तापमानाची अडचण पण सुटली बघा.

मेण_आणि_मेणबत्ती

एवढं सगळं वाचून मी पण काल बिटाडिन (जखमेवरचं आयोडीनचं औषध) पाण्यात पातळ करून त्याचा थेंब भाताच्या पेजेत टाकला. काळंनिळं झालं. मग वाटी गरम पाण्यात ठेवली तर निळा रंग गेला आणि गार झाल्यावर परत आला. उलटलं की भौतिक हे मी वर ठामपणे लिहिलं होतं, आता हे कशात बसवायचं?

विद्यापीठ_रोड

दादा, छान केलंत. स्टार्चच्या वेटोळ्यात आयोडीन जाऊन बसतं आणि निळा रंग येतो, गरम केलं की ते बाहेर पडतं, गार झालं की परत आत. ह्या एकाच गोष्टीला कुणी भौतिक म्हणतं कुणी रासायनिक, कारण आयोडीन तिथं फार सैल धरलेलं असतं. पण त्याच वाटीत व्हिटॅमिन सीची गोळी कुटून टाका, रंग जाईल आणि गार केलं तरी परत येणार नाही, तिथं आयोडीनचं आयोडाइड झालेलं असतं. दोन्ही वेळा निळा रंगच गेला, पण गेला कसा ते वेगळं.

नवा_सभासद_५२

मस्त धागा. बाथरूम क्लीनर आणि कपड्याचं ब्लीच एकत्र केलं की पण भारी फेस आणि पिवळट धूर येतो, ते पण थेंबात करून दाखवता येईल का?

विद्यापीठ_रोड

अजिबात नको. कृपया कुणीच करू नका, थेंबात पण नको आणि बाथरूममध्ये तर नकोच. आम्लाचा क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू येतो, तो फुप्फुसाला इजा करतो, बंद खोलीत जीवावर बेततं. घरात हे दोन्ही एकामागोमाग एकाच जागी पण ओतू नका. आणि थेंबाचे प्रयोग असले तरी डोळ्याला चष्मा हवाच, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

राजारामपुरी_आई

बरं झालं स्पष्ट लिहिलंत. आणखी एक विचारते, हे मोरचुदाचं उरलेलं पाणी मोरीत ओतलं तर चालतं का?

उद्यमनगर_फिटर

थेंबाथेंबाने कमीच उरतं, पण मोरचूद माशांना विषारी आहे आणि आपलं सगळं सांडपाणी शेवटी पंचगंगेकडेच जातं. एका बरणीत साठवा आणि त्यात तोच लोखंडी कीस टाकून ठेवा, निळा रंग पूर्ण गेला की तांबं खाली बसलेलं असतं. वरचं पाणी ओता, खालचा गाळ वाळवून बाजूला ठेवा.

काहीलवाला

मास्तर, ऊस तुटायला लागला की पोरं घेऊन या आमच्याकडं. निवळी टाकायच्या आधीचा रस आणि नंतरचा रस वाटीत काढून देतो, हळदीच्या पट्ट्या आणा. भट्टीपासून मात्र लांब उभं करायचं पोरांना, ती जबाबदारी तुमची.

विद्यापीठ_रोड

काका, हळदीच्या नकोत. ताज्या रसाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या खाली आम्ल) ५ च्या थोडा वर असतो आणि निवळीनंतर पण ७ च्या खालीच राहतो, हळद तिथं दोन्हीकडे पिवळीच दिसणार. गोकर्ण पण निळीच राहील. मास्तर, पीएच पेपरची पुस्तिका घेऊन जा, आणि तिसरी वाटी साध्या पाण्याची ठेवा.

कागलकर_मास्तर

येतो काका, नक्की. पेपर मी आणतो, वाट्या पोरं घरून आणतील. आधी एकदा एकटा येऊन भट्टीच्या किती अलीकडे उभं राहता येतं ते बघून जातो.